अमेरिकेच्या चौघी जावा

प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते. दारामागं टांगलेली. एक काढायला हात घातला की पाच बाहेर येतात, आणि कितीही काढल्या तरी ती फुगलेलीच. माझ्या मिलिंदच्या ऑफिसचे किस्से तसे आहेत. एक सांगायला बसले की सून म्हणते, "आई, पुरे आता, पाहुण्यांना वाढा." मी वाढते, पण तोंड चालूच. वाढायला हात लागतात, तोंड मोकळंच असतं की!

आधी घरचं थोडं सांगून ठेवते. मी चौथी पास. नाशकात कॉलेजच्या मागं तीस वर्षं खानावळ चालवली. आता लेकाकडं कतारला, अल रय्यानमध्ये. अख्खी बिल्डिंग मला माई म्हणते. लेक मिलिंद ज्या कंपनीत आहे, ती कंपनी इथल्या एका मोठ्या घराण्याचा पैसा सांभाळते. त्यात मिलिंदचं काम एकच. अमेरिकेतल्या चार मोठ्या विमान कंपन्यांवर डोळा ठेवायचा, आणि त्यांचे शेअर घ्यावेत का नाही ते सांगायचं.

आता "सांगायचं" इथंच घोडं पेंड खातं. मिलिंद लहानपणापासून असाच. आमटी खारट झाली का रे, विचारलं तर म्हणायचा, "एकीकडे झालीय, पण दुसरीकडे भाताबरोबर कळत नाही." ऑफिसातही तेच! तीन वेळा जाडजूड रिपोर्ट दिला, तिन्ही वेळा घराण्याच्या लोकांनी वाचून विचारलं, "मग घ्यायचे का नाही?"

शेवटी त्याचे साहेब, पुण्याचे देशपांडे, त्याला म्हणाले, "मिलिंद, मार्चमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. त्याआधी मीटिंग आहे. तिथं मला एक शब्द पाहिजे. हो किंवा नाही. नाहीतर कुठल्या तोंडानं तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायला सांगू?"

कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की अख्खं बिऱ्हाड गेलं. माझी नात इरा अकरावीत. बारावीच्या तोंडावर पोरीनं शाळा सोडून कुठं जायचं? म्हणजे बघा, अमेरिकेच्या विमानांचं पुढं काय होणार, यात माझ्या नातीची बारावी अडकलेली!

*

सातव्या मजल्यावर जोशीबाई राहतात. मी नवीन आले तेव्हा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "मुलगा कशात आहे तुमचा?"

मी म्हटलं, "विमानात."

खोटं नव्हतं काही. चार दिवसांनी बाई अळूवडी घेऊन दारात. मग शेवयांची खीर. मला वाटलं, परदेशात काय प्रेमळ माणसं भेटतात! तिसऱ्या खेपेला म्हणतात, "माई, पुढच्या महिन्यात पुण्याला चाललोय. चार-पाच किलो सामान जास्ती होतंय. मिलिंदभाऊंना जरा सांगाल का?"

खरं सांगावं तर खीर बंद. मी म्हटलं, "सांगते की! पण त्याला गुळाच्या पोळ्या फार आवडतात."

गुळाच्या पोळ्या आल्या. मी आणि इरानं संपवल्या. निघायच्या आदल्या दिवशी जोशीबाईंनी मिलिंदलाच गाठलं. "भाऊ, सामानाचं झालं ना?"

मिलिंद बावचळला. "वहिनी, मी अमेरिकेच्या विमान कंपन्यांचे नुसते आकडे वाचतो हो. त्यांच्या एकाही विमानात मी आजवर बसलेलो नाही!"

जोशीबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "मी पण आजच ऐकतेय, बाई!"

त्या गेल्यावर मी मिलिंदला खरंच विचारलं, "काय रे, एकदाही न बसता सांगतोस त्यांचं कसं चाललंय?"

"आई, डॉक्टर काय सगळे आजार स्वतः भोगून शिकतो का?"

"नाही. पण नाडी तर धरतो!"

*

त्या चार कंपन्यांची नावं माझ्या जिभेवर काही बसेनात. मग मीच नावं ठेवली. चौघी जावा!

थोरली जाऊ श्रीमंत, पुढच्या ऐसपैस खुर्च्या महाग विकून पैसा करणारी. दुसरी म्हणजे थोरलीनं साडी घेतली की दुसऱ्या दिवशी तसलीच घेणारी. तिसरीचा संसार मोठा, पण डोक्यावर कर्जही मोठं. आणि धाकटी भोळी. वर्षानुवर्षं लोकांच्या बॅगा फुकट नेल्या, आत्ता आत्ता शहाणी होऊन पैसे घ्यायला लागली.

मिलिंदच्या हाताखाली श्रेया आहे, नागपूरची. बरेचदा आमच्याच डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसते. तिला नावं इतकी आवडली की दिवसभर तेच. "माई, आज धाकटी पडली." "माई, तिसरीनं विमानं कमी केली." मी भाजी निवडता निवडता म्हणायची, "बरं केलं. झेपत नाही तर कशाला एवढा पसारा!"

एक दिवस लंडनशी कॉल होता. तिकडं कुणी गोरा साहेब, इकडं देशपांडेसाहेब, मिलिंद आणि श्रेया. श्रेया फाडफाड इंग्रजीत बोलत होती आणि बोलता बोलता म्हणून गेली, "थोरलीज आउटलुक इज बेटर."

 देशपांडेसाहेबांना थोरली कोण ते ठाऊक नाही, पण माहीत नाही असं म्हणतील तर ते पुण्याचे कसले! ठणकावून म्हणाले, "येस, येस. वुई ऑल्सो लाइक थोरली."

दुसऱ्या दिवशी लंडनहून ईमेल. थोरली नावाची कंपनी आमच्या यादीत सापडत नाही, ती कुठल्या बाजारात आहे ते कळवा!

देशपांडेसाहेबांनी मिलिंदला फोन लावला. "अरे, ही थोरली कोण?"

मिलिंद म्हणाला, "सर, एक मिनिट. आईला विचारून सांगतो."

*

मला एक कोडं काही केल्या सुटेना. एका दुपारी मिलिंद डोकं धरून बसला होता, तेव्हा विचारलंच.

"विमानं रिकामी जातात का रे त्यांची?"

"छे! खचाखच भरून जातात."

"मग पैसा बक्कळ असेल."

"कुठला? तेल, पायलटचे पगार, विमानांचे हप्ते, विमानतळाचं भाडं. तिकिटाचा पैसा त्यातच जातो. हातात चिमूटभर उरतो."

"मग जगतात कशावर?"

"कार्डावर."

मी पापड लाटायची थांबले. मग त्यानं समजावलं. कंपनीच्या नावाचं बँकेचं कार्ड असतं. लोक त्या कार्डावर किराणा भरतात, त्यांना पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की विमानाचं तिकीट. पण ते पॉइंट बँकेला विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घ्यावे लागतात. पैसे आज आले, माणूस उडणार कधीतरी. कितीजण तर नुसतेच साठवत बसतात.

मी ताडकन उठले. "अरे, ही तर माझी खानावळ!"

माझ्याकडं कूपनं होती ना! पोरं महिन्याच्या एक तारखेला ताटांचं कूपनबुक विकत घ्यायची. मग कुणी गावाला जायचं, कुणी आजारी पडायचं, कुणी प्रेमात पडायचं आणि जेवण सुटायचं. पैसा माझ्या गल्ल्यात, कूपन त्याच्या खिशात, आणि तांदूळ अजून दुकानात!

मिलिंद हसला. "एक्झॅक्टली."

"थांब, हसू नको. एकदा परीक्षा संपायला कुणीतरी कंडी पिकवली की माई कूपनं बंद करणार. सगळी पोरं एकाच दिवशी उरलेली कूपनं घेऊन आली. त्या दिवशी मी चारदा भात लावला. तुझ्या जावांकडं सगळे एकदम पॉइंट घेऊन आले तर?"

श्रेयानं लॅपटॉपवरनं मान वर केली. मिलिंद म्हणाला, "सगळे एकदम येत नाहीत गं. आणि यायला लागले तर कंपनी पॉइंटची किंमतच उतरवते. आधी जेवढ्या पॉइंटात तिकीट मिळायचं, त्याला मग दुप्पट लागतात."

"अरे देवा! आणि मी बापडी नुसतं आमटीत पाणी घालायचे!"

*

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी आमच्याकडं जेवायला मिलिंदच्या ऑफिसची माणसं असतात. देशपांडेसाहेब एकटेच, त्यांची बायको पुण्याला. श्रेया असते. आणि बापू शिंदे. बापू साताऱ्याकडचा, कंपनीची गाडी चालवतो. बायको-मुलं गावी, स्वतः बरवा अल बराहाला कामगारांच्या वसाहतीत राहतो. पन्नाशीचा माणूस, पण खोडीला माझ्यापेक्षा वरचढ.

थोरली जाऊ पुढच्या खुर्च्यांवर पैसा करते, हे मी रोज ऐकायची. एकाच विमानात, एकाच वेळी पोचायचं, मग पुढं बसायला माणूस एवढे पैसे का देतो? मला बघायचंच होतं. मी आणि इरानं गुरुवारी बेत केला.

टेबलाच्या पुढच्या दोन खुर्च्या, त्यापुढं पुरणपोळी, तुपाची वाटी, कटाची आमटी. मागं फ्रीजजवळ दोन स्टुलं, तिथं वरण-भात. मधे सुनेची ओढणी दोरीला अडकवून पडदा!

बापू आधी आला, त्याला पुढं बसवलं. त्याच्या शेजारी श्रेया. देशपांडेसाहेब नेहमीसारखे उशिरा.

"साहेब, तुमचं बुकिंग उशिरा झालं. फ्रीजजवळ बसा."

बसले. "माई, पापड?"

"एक रियाल."

"लिंबू?"

"एक रियाल. आणि पाय एवढे लांब करून बसायचे असतील तर दोन."

साहेब हसत हसत देत गेले. पण पडद्यापलीकडनं बापूच्या बोटं चाटण्याचा आवाज येत होता. साहेबांनी मान उंच केली. "बापू, काय चाललंय रे तिकडं?"

"काय नाही साहेब. तिसरी पोळी. माईंनी हात पुसायला गरम टॉवेल दिलाय."

साहेबांचा घास हातातच. "माई, पुढं यायचे किती?"

"वीस."

"वीस? वरण-भात नुकताच खाल्लाय मी!"

"मग बसा की. पोचणार तर सगळे एकदमच!"

साहेबांनी वीस रियाल काढले. पुण्याच्या माणसानं! श्रेयाचं जेवण झालं होतं, ती उठली, साहेब पुढं येऊन ऐसपैस बसले. तेवढ्यात मागच्या स्टुलावर मिलिंद आपलं ताट घेऊन बसला आणि पुढं डोकावून बघायला लागला.

आणि पडदा कुणी ओढून घेतला माहितीय? देशपांडेसाहेबांनी!

*

जोशीबाईंचे मिस्टर गॅस कंपनीत. तेल महाग झालं की इथं गॅसवाल्यांची चांदी, बोनसच्या गोष्टी सुरू. आणि तेल महाग झालं की मिलिंदच्या चौघी जावा आजारी, कारण विमानाच्या पोटात तेलच तर ओततात. एकाच बिल्डिंगमध्ये सातवा मजला हसला की आमचा तिसरा रडतो!

मला तेलाचा भाव कळायला टीव्ही लागत नाही. मिलिंदनं तिसरी पोळी घेतली तर तेल उतरलं. एकीवरच हात धुतला तर चढलं.

एकदा लिफ्टमध्ये जोशीसाहेब शीळ घालत होते. मी म्हटलं, "जोशी, तुमची शीळ ऐकली की माझ्या घरी पोळ्या उरतात."

त्यांना आधी समजेना. मी सगळं सांगितलं. बिचारे खजील झाले. म्हणाले, "माई, मिलिंदला सांगा, माझ्या हातात काही नाही हो."

त्या संध्याकाळी तेल आणखी चढलं. मिलिंदनं पानच घेतलं नाही. आठ वाजता दाराची बेल. जोशीबाई रिकामा डबा घेऊन उभ्या.

"माई, हे म्हणतायत, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा फार छान लागतो!"

*

जावांचा निकाल तीन-तीन महिन्यांनी लागतो. तिकडं सकाळ, आपल्याकडं दुपार. थोरलीचा निकाल पहिला असतो, म्हणून त्या दिवशी सगळे आमच्याकडं जमले. मी पापडाचा डबा पुढं केला. "प्रत्येकानं चिठ्ठी टाका. निकाल लागल्यावर शेअर वर जाणार का खाली?"

तीन वाजता निकाल आला. फायदा सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त! देशपांडेसाहेबांनी टाळी वाजवली, त्यांची चिठ्ठी होती "वर". श्रेयानं "खाली" लिहिलं होतं, ती हिरमुसली. मिलिंदची चिठ्ठी उघडली तर तिच्यावर पाच ओळी, आणि त्यात दोनदा "परंतु"!

साहेबांनी कपाळावर हात मारला. "मिलिंद, मार्च जवळ आलाय रे. चिठ्ठीत तरी एक शब्द लिही!"

बाजार उघडला आणि शेअर धाडकन खाली. आता श्रेया नाचायला लागली.

मी म्हटलं, "हे कसं? पोरगी पहिल्या वर्गात पास झाली आणि घरच्यांनी बडवली?"

मिलिंद म्हणाला, "आई, झालेल्याला किंमत नसते. पुढं काय होणार ते बघतात. आणि थोरलीनं आज सांगून टाकलं की पुढच्या वर्षाचा अंदाज ती देणारच नाही. काही सांगता येत नाही म्हणाली."

"खुद्द तीच म्हणाली? सांगता येत नाही?"

"हो."

मी देशपांडेसाहेबांकडं वळले. "साहेब, ज्याची विमानं त्यालाच सांगता येत नाही, मग माझ्या लेकानं इथं अल रय्यानला बसून कसं सांगावं? आणि नाही सांगितलं तर व्हिसा याचाच जाणार?"

साहेबांनी चष्मा पुसायला काढला. मग विषय बदलायला म्हणून डब्यातली शेवटची चिठ्ठी उघडली. माझी. उलटून पाहिली, पालटून पाहिली.

"माई, ही तर कोरी आहे!"

"थोरली तरी दुसरं काय म्हणाली?"

*

तरी काळजी होतीच. मीटिंगला पंधरा दिवस राहिले. मी बापूला गाठलं. "बापू, याच्या तोंडून एक शब्द निघायची सवय लावायला पाहिजे."

बापू म्हणाला, "माई, माझ्यावर सोडा. फक्त तुम्ही गाडीत बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायच्या निमित्तानं मागं बसले, मिलिंद पुढं. राउंडअबाउट आला. बापूनं विचारलं, "सर, सरळ घेऊ का उजवीकडं?"

मिलिंद मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "सरळ जवळ पडेल, पण ट्रॅफिक असला तर उजवीकडंही वाईट नाही."

बापूनं एक फेरा मारला. पुन्हा विचारलं, "सर, सरळ का उजवीकडं?"

"म्हणजे डिपेंड्स, बापू. तुम्हाला काय वाटतं?"

दुसरा फेरा. मी म्हटलं, "मला गरगरतंय रे."

"सर, सरळ का उजवीकडं?"

"आत्ता आठ वाजतायत, त्यामुळं एकीकडे..."

तिसरा फेरा! मागचा पिकअपवाला हॉर्न वाजवून दमला. पाचव्या फेऱ्याला मिलिंद ओरडला, "उजवीकडं! उजवीकडं घ्या!"

मी टाळ्या वाजवल्या. बापूनं गाडी उजवीकडं काढली. आता रस्ता साफ चुकला होता, पण इतक्या महिन्यांनी एक शब्द निघालेला, तो मोडायचा कसा?  मिलिंद पुन्हा मोबाइलमध्ये. गाडी चालली चालली ती इंडस्ट्रियल एरियाच्या पुढं.

शेवटी एका गेटापाशी बापूनं ब्रेक लावला.

"सर, ही माझी बरवा अल बराहा. आलाच आहात तर चहा घेऊन जा!"

*

आता मीटिंगचं सांगते.

त्या घराण्याची उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावाला वाडी आहे, खजुराची झाडं, विहीर, मोठी बैठक. मीटिंग तिथंच ठेवली, शुक्रवारच्या जेवणानंतर, आणि आम्हा घरच्यांनाही बोलावलं. पुरुष तिकडं बैठकीत. मला आणि सुनेला आतल्या हॉलमध्ये नेलं. इराची परीक्षा जवळ आलेली, ती घरी.

आत गादीवर एक म्हातारी. घराण्यातली सगळ्यात मोठी. सगळे तिला उम्म खालिद म्हणत, म्हणजे खालिदची आई. लहानपणी बापाबरोबर मुंबईला राहिलेली, त्यामुळं मोडकंतोडकं हिंदी येत होतं. माझं हिंदीही तसलंच. मस्त जमलं! तिनं माझा गुडघा दाबून बघितला, मी तिचा. दोघींचे सारखेच वाजत होते.

मग म्हणाली, "पैसा मेरा है. ये लोग दो साल से विमान, विमान, विमान. तेरा बेटा क्या बोलता?"

मी म्हटलं, "अम्मा, वो बहुत बोलता. उसमें से निकालना पड़ता."

मला ठाऊक होतं, मिलिंदच्या मनात काय आहे ते. आदल्या दिवशी ताटावर बसून म्हणाला होता, "आई, मनापासून विचारशील तर आत्ता नको वाटतं." पण तिच्या मोठ्या नातवाला विमानांची भारी हौस, त्याला शेअर हवेच होते. आणि नातवाला हवेत म्हणून देशपांडेसाहेबांनाही हवेत! म्हणजे मिलिंद "नाही" म्हणाला तर साहेब नाराज, आणि "एकीकडे-दुसरीकडे" म्हणाला तर कॉन्ट्रॅक्ट गेलंच.

बाहेर दोन तास झाले. आवाज वाढत चालले. उम्म खालिदनं काठी आपटली. "बुलाओ सबको."

दारात तिघं येऊन उभे राहिले. नातू, देशपांडेसाहेब आणि त्यांच्यामागं मिलिंद, तोंडावर घाम.

म्हातारीनं मिलिंदकडं काठी केली. "तुम बोलो. लेना? नहीं लेना?"

देशपांडेसाहेब पुढं झाले, "मॅडम, आउटलुक ऐसा है कि..."

"तुम नहीं. ये."

 सुनेनं माझा हात धरला. मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाला, "नहीं लेना."

देशपांडेसाहेबांनी डोळे मिटले.

"क्यों?"

"अम्मा, एक भी कुर्सी खाली नहीं, फिर भी कमाई थोड़ी. कल तेल बढ़ा तो वो भी नहीं."

म्हातारी मान हलवायला लागली. माझ्या जिवात जीव आला. पण नातू कसला गप्प बसतोय! म्हणाला, "और अगले साल? अगले साल भी नहीं?"

आणि मी बघितलं, मिलिंदचा उजवा हात वर यायला लागला. तळवा उघडा. म्हणजे आता "एकीकडे" येणार. मागोमाग डावा हातही हलला. सगळं मातीत जाणार!

माझ्या पुढ्यात खजुराचं ताट होतं. मी उठले, गुडघे गेले खड्ड्यात, त्यातला सगळ्यात मोठा, चिकट खजूर उचलला आणि त्याचं तोंड उघडलं तसा आत कोंबला!

"खा बेटा. सुबह से कुछ खाया नहीं."

मिलिंदचे डोळे बाहेर. बोलता येईना, थुंकता येईना. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या मोठ्या बाईसमोर थुंकणार कसा? चावत राहिला. नातू उत्तराची वाट बघतोय, साहेब वाट बघतायत, म्हातारी वाट बघतेय. मिलिंद चावतोय. खाली मान घालून, हळूहळू, गंभीर चेहऱ्यानं.

बराच वेळ झाल्यावर उम्म खालिद नातवाला म्हणाली, "देखा? तुम सब बोल के सोचता. ये आदमी सोच के बोलता." काठी आपटली. "नहीं लेना. खलास. और इसको कहीं जाने मत दो."

देशपांडेसाहेब एका क्षणात सरळ उभे. "मॅडम, आय वॉज जस्ट अबाउट टु से! इसीलिए तो हम इनका कॉन्ट्रॅक्ट दो साल बढ़ा रहे हैं!"

परत येताना गाडीत मिलिंद एक अक्षर बोलला नाही. बापूनं आरशातनं दोनदा विचारलं, "सर, काय झालं मीटिंगचं?" उत्तर नाही. सून रडत होती का हसत होती, तिलाच माहीत. मी खिडकीतनं बाहेर बघत बसले. म्हटलं, आपण आता काही विचारायला नको.

अल रय्यानला पोचलो. दार उघडून इरा धावत आली. "बाबा! यस ऑर नो? आर वी स्टेइंग?"

मिलिंदनं तिच्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं, आणि खजुराची बी काढून तिच्या हातावर ठेवली!